चार बोटं अलीकडं

शेषेरावांची पेरणी वाकडी निघाली, असं शिरूर अनंतपाळच्या शिवारात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच डोळे तपासायला लातूरला धाडलं असतं. चाळीस वर्षं हा माणूस तिफण हाकत आला होता. त्यांच्या रानाच्या धुऱ्यावर, बांधावर, उभं राहून बघावं तर ज्वारीचे तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतात असायचे. गावातली बाकी सगळी पेरणी आता ट्रॅक्टरवर होत होती. पेरणीची बैलजोडी म्हणून ही एकच उरली होती, तीही शेषेरावांच्या सरळ तासांच्या हौसेपायी. आणि यंदा दिवाळी सरून चौथ्या दिवशी, सकाळपासून पेरलेले सहाही तास डावीकडं झुकत झुकत धुऱ्यावरच्या बोरीकडं निघाले होते.

सगळ्यात आधी ते त्यांच्या बायकोला, सिंधूला दिसलं. तिफणीमागून चालणारी तीच. कमरेला ज्वारीची ओटी, उजवी मूठ चाड्यावर. मुठीतून दाणे त्या लाकडी वाटीत सोडायचे, तिथून ते तीन नळ्यांतून तीन फणांमागं मातीत पडायचे. लग्न होऊन आल्यापासून ती हे काम करत होती आणि डोळे मिटूनही तिला ते जमलं असतं. पण डोळे उघडे होते, त्यामुळं समोरचे बैल दिसत होते.

उजवीकडं वजीर. पांढऱ्या अंगाचा, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, असला उंच देवणी बैल, सात पेरण्या बघितलेला. डावीकडं बाटल्या. हा आठ दिवसांचा असताना याची आई गेली आणि सिंधूनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवला, म्हणून बाटल्या. बैलाला शोभणारं ते नाव नव्हतं, पण तिला दुसरं सुचलं नाही आणि त्यालाही दुसऱ्या नावानं हाक मारली तर कान हलवायचा नाही. वजीराचा जुना जोडीदार गेल्या साली साथीत गेला. त्याच्या जागी हा आला. जुवाखाली त्याचा पहिलाच हंगाम होता.

वजीर चालायचा आपल्या सवयीनं. बाटल्या त्याच्या मागं हातभर. त्यामुळं जू तिरपं, आणि जुवाच्या मागं तिफण तिरपी. बाटल्याच्या तोंडाला फेस आला होता. वळणावर थांबला की त्याचे मागचे पाय थरथरत होते. सिंधूला भात्यासारखं हलणारं त्याचं पोट इथून दिसत होतं.

"हैक, हैक!" शेषेराव ओरडत होते. सोटा उचलत होते, पण मारत नव्हते. मारायचा हात त्यांना नव्हताच.

सातव्या तासाला शेजारचे आप्पासाहेब धुऱ्यावर येऊन उभे राहिले. यांचा ट्रॅक्टर निम्म्या गावाची रानं पेरायचा. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही.

"काका, ज्वारी पेरून राहिलाव का साप सोडून राहिलाव?"

शेषेरावांनी तिफण थांबवली. मागं वळून बघितलं. सहा तास, आणि हा अर्धा सातवा. त्यांचा चेहरा असा उतरला की सिंधूला आप्पासाहेबांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या नवऱ्याची कीव आली.

"ओल चालली खाली," आप्पासाहेब म्हणाले. "आज-उंद्या पेरलं तर उगवंल. उंद्या दुपारी माझं ट्रॅक्टर मोकळं हाय. सांगा."

"सांगतो," शेषेराव म्हणाले.

आप्पासाहेब गेल्यावर त्यांनी धोतराचा सोगा सोडून तोंड पुसलं. मग सिंधूकडं न बघता बोलले, "उंद्या दुपारलोक बगायचं. न्हाई जमलं तर राहिलेलं ट्रॅक्टरनं पेरायचं. आन् मंग दावणीला बैल ठिवून करायचं काय? येत्या बाजारात दोन्ही सोडून देऊ."

"दोन्ही?"

"वजीर एकटा काय करंल? आन् त्या बाटल्याला कोण घेतंय औताला? जो घेईल तो घेईल."

जो घेईल तो घेईल म्हणजे कोण, हे दोघांनाही माहीत होतं. सिंधूनं ओटीतल्या ज्वारीत हात खुपसला आणि तसाच ठेवला.

दुपारी वर्षाराणी भाकरी घेऊन आली. ही त्यांची सून. मुलगा हरिओम नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात वर्कशॉपला कामाला, आणि ही नांदेडला एका शाळेत गणित शिकवायची. दिवाळीची सुट्टी उरली होती म्हणून नवरा कामावर परत गेला तरी ही मागं राहिली होती. तिला दोन सवयी होत्या. एक, भाकरी पातळ थापायची. दुसरी, जे दिसेल ते मोजायची. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तिनं घराच्या माळवदाला किती लाकडी सरे आहेत ते मोजून सासऱ्याला सांगितलं होतं, आणि शेषेरावांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा वर बघितलं होतं.

लिंबाखाली बसून जेवताना तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मामा, तिफणीची दांडी जुवाच्या मधात बांधलीय का, बघू का?"

"माझ्या बापानं करवलेलं जू हाय ते. बाभळीचं. मध चुकंल व्हय?"

"चुकलं नसंल. नुसतं बघते."

तिनं दोरी घेतली. जुवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली, दोन्ही टोकं जुळवून दुमडली, दुमडलेल्या जागेला चिमटीत धरून परत जुवावर लावली. चिमूट बरोबर मधल्या खाचेवर आली. शेतावर दुसरी तरी कुठली तऱ्हा असते? सिंधूनं आयुष्यभर लुगड्याचा मध असाच काढला होता. पण सुनेनं ते इतकं शिस्तीत केलं की दोघंही घास हातात धरून बघत राहिली.

"केसाचाही फरक नाही," वर्षाराणी म्हणाली.

"मी काय म्हणलं?" शेषेराव म्हणाले. मग त्यांच्या डोक्यात दुसरंच आलं. "मंग ही तिफणच वाकडी हाय. अजीजनं दांडी तिरपी जोडली!"

तिफणीची लाकडी दांडी दसऱ्याच्या आधी मोडली होती. शिरूरच्या अजीज वेल्डरनं तिथं लोखंडी पाइप बसवून दिला होता. शेषेरावांनी लगेच फोन लावला आणि चाळीस वर्षांच्या दोस्तीची पर्वा न करता जे बोलायचं ते बोलून टाकलं. अर्ध्या तासात अजीज मोटारसायकलवर हजर. पाठीला कापडी पिशवी, कपाळाला आठ्या.

"शेषेरावभाऊ, माझ्या वालिदच्या हातचे कुळव तुमच्या वडिलांनी वापरले. माझं काम तिरपं निगालं म्हणता?"

"तास बग अन् मंग बोल."

अजीजनं तास बघितले. टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "तास तर वाकडेच हायत, वो."

"मंग?"

"तरी बी तिफण सरळच हाय."

वाद वाढायच्या बेतात होता. सिंधूनं मध्येच अजीजपुढं पाण्याचा तांब्या धरला. "भाऊजी, आधी पाणी प्या. अन् मंग दावा की काय दावायचं ते."

अजीज पाणी प्याला. बैल सोडून बांधले होते, तिफण जुवाला जोडलेली तशीच पडली होती. त्यानं पिशवीतून सुतळी काढली. तिचं एक टोक मधल्या फणाला धरायला वर्षाराणीला सांगितलं, आणि दुसरं घेऊन जुवाच्या डाव्या टोकाशी गेला. तिथं सुतळीला गाठ मारली. मग तीच सुतळी तशीच ताणून उजव्या टोकाशी नेली. गाठ बरोबर टोकावर बसली.

"हे बगा. फणापासून इकडलं टोक जेवढं, तिकडलं बी तेवढंच. दांडी तिरपी असती तर एकीकडं सुतळी कमी पडली असती."

वर्षाराणी फण धरून उकिडवी बसली होती, ती हसायलाच लागली. "चाचा, हे तर आम्ही नववीला शिकवतो! जू म्हणजे रेषाखंड. दांडी त्याच्या मध्यबिंदूतून जाते आणि काटकोनात आहे, म्हणजे दांडी हा लंबदुभाजक. त्याच्यावरचा कुठलाही बिंदू घ्या, दोन्ही टोकांपासून सारखाच लांब."

"काय म्हणलीस? लंब..."

"लंबदुभाजक."

"लंबदुभाजक." अजीजनं तो शब्द तोंडात घोळवून बघितला. "तीस बरसं हेच करून राहिलो, बेटी. त्याला इतकं मोठं नाव हाय हे आज कळालं. दुकानाच्या पाटीवर लिवतो आता."

शेषेराव मात्र हसले नाहीत. मध बरोबर. काटकोन बरोबर. बाप बरोबर, अजीज बरोबर, नववीचं पुस्तकही बरोबर. तरी तास वाकडे. म्हणजे दोष एकाचाच उरला, आणि तो लिंबाच्या बुंध्याशी डोळे मिटून रवंथ करत बसला होता.

"झालं मंग," ते म्हणाले. "त्याच्यातच दम न्हाई."

अजीज आणि वर्षाराणी चुलीवर चहा ठेवायला खोपटाकडं गेले. सिंधू जुवाशीच थांबली. तिचा हात बाभळीच्या गुळगुळीत लाकडावर फिरत होता. मधली खाच दोरीनं घासून घासून आरशासारखी झाली होती. तिच्या दोन्ही अंगांना, चार-चार बोटांवर, अजून एकेक खाच होती. त्यांत धूळ बसून बसून माती झाली होती. तिनं नखानं वजीराच्या बाजूच्या खाचेतली माती उकरायला सुरुवात केली.

शेषेराव झटकन पुढं आले. "काय करून राहिलीस?"

"खाच साफ करून राहिले."

"ती लंगडी खाच हाय."

"हाव. ठावं हाय मला."

तिला माहीत होतं आणि त्यांनाही. जोडीत एक बैल उणा असला की दांडी मधातून काढून चार बोटं जोरकस बैलाकडं सरकवायची. ज्याच्याकडं दांडी जवळ, त्याच्यावर ओझं जास्त. उण्याच्या वाट्याला जुवाचा लांब भाग येतो, त्याला ओढ हलकी पडते. जुन्या लोकांनी त्यासाठीच तीन खाचा करवून घेतल्या होत्या. पण गावात ज्याचं औत लंगड्या खाचेला बांधलेलं दिसायचं, त्याला पोरंसोरंही विचारायची, दीड बैल घेऊन कुठं निघालाव? शेषेरावांच्या बापानं ती खाच वापरली नव्हती. शेषेरावांनीही नाही. जोडी घ्यायची ती तोलामोलाची, ही त्यांच्या घरची ऐट.

"माझ्या दावणीला दीड बैल न्हाई," ते म्हणाले.

"उंद्या एक बी नसंल."

सिंधूनं नखातली माती पदराला पुसली. तिला आता जे बोलायचं होतं ते तिनं पस्तीस वर्षं बोलायचं टाळलं होतं, आणि का टाळलं होतं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. काही गोष्टी बोलल्या की लहान होतील अशी भीती वाटते, त्यातली ती एक.

"आपलं लगीन झालं त्या साली आड आटले व्हते. आठवतंय?"

"त्याचं काय आता?"

"पाणी मळ्यातल्या हिरीवरून आणायचो. मोठा हंडा काठीला अडकवून. मी म्होरं, तुमी मागं. मी सतरा वर्साची. पहिल्या दिवशी खांदा सोलून निगाला, तर आत्याबाई म्हणल्या, काठीच्या मधात हंडा हाय, दोघांना सारखंच वजन, हिलाच कसं जास्त झालं?"

आईचा विषय निघताच शेषेराव जमिनीकडं बघू लागले.

"दुसऱ्या दिवशीपासून हलकं झालं. मला वाटलं खांद्याला सवय झाली. मंग एक दिवस उतरून ठिवताना बगितलं. हंड्याची दोरी मधात न्हवती. तुमच्याकडं सरकलेली व्हती. रोज सरकवायचाव. आत्याबाई दिसायच्या आदी परत मधात करायचाव."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? खांद्याला कळत न्हाई व्हय?"

वारा नव्हता. खोपटाकडून अजीजचं बोलणं आणि वर्षाराणीचं हसणं ऐकू येत होतं.

"तवा मला कुणी अर्धी बाई म्हणलं न्हाई," सिंधू म्हणाली. "कारण तुमी कुणाला दिसू दिलं न्हाई. म्या बी न्हाई. आता हे जित्राब हाय. त्याच्यासाठी चारचौघांत सरकवायला लागतंय, एवढंच."

शेषेराव खाली बसले. कंबर धरून, एक हात गुडघ्यावर टेकवून, हळूहळू बसले, कारण गेल्या उन्हाळ्यापासून त्यांना एकदम खाली बसता येत नव्हतं. मग त्यांनी मधल्या खाचेची दोरी सोडली. ती गाठ इतकी वर्षं तिथंच होती की सोडताना दातांनी ओढावी लागली. दांडी चार बोटं वजीराकडं घेतली, लंगड्या खाचेत दोरी बसवली आणि करकचून बांधली.

"चहा झाला," वर्षाराणीनं हाक मारली. जवळ येऊन तिनं जुवाकडं बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मामा, हे तर मधात नाही आता."

"न्हाई," शेषेराव म्हणाले. "तुझ्या पुस्तकातल्या रेषेच्या दोन टोकांना सारखंच बळ असतं. माझ्याकडं एका टोकाला वजीर हाय."

वर्षाराणीनं सासूकडं बघितलं, आणि काय समजायचं ते समजली. अजीजनं चहाची बशी फुंकत फुंकत जुवाभोवती एक चक्कर मारली. "मी फणांचा रोख जरासा फिरवून देतो. दांडी सरकली की तिफण थोडी तिकडं पळंल," तो म्हणाला, आणि पाना काढून कामाला लागला. पैसे देऊ केले तर म्हणाला, लंबदुभाजकाचे फिटले.

दुपार कलल्यावर बैल जुंपले. पहिल्या तासाला शेषेरावांनी ओरडून बैल हाकले नाहीत. सिंधूनं मूठ चाड्यावर धरली, पण तिचं लक्ष सगळं समोर. वजीरानं पहिली दहा पावलं टाकली आणि थांबल्यासारखं केलं. ओझं वाढलेलं त्याला कळलं होतं. मान खाली घातली, खांदा दिला आणि निघाला. बाटल्या त्याच्या जोडीला लागला. हातभर मागं पडायचा तो वीतभर मागं राहिला, मग तेवढाही नाही. वळणावर त्याचे पाय थरथरले नाहीत. शेषेरावांनी तिफण फिरवली आणि धुऱ्यावरून तासाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आता?" सिंधूनं विचारलं.

"चल, ओल चालली," ते म्हणाले, आणि हा माणूस खूश झाला की असाच तुटक बोलतो हे तिला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पासाहेब ट्रॅक्टर घेऊनच धुऱ्यावर आले. त्यांना लंगडी खाच लगेच दिसली. त्यांचं तोंड उघडलं, आणि शेषेरावांनी तिफण न थांबवताच सांगून टाकलं, "हाव, दीड बैल हाय. उरलेला अर्धा वाढून राहिलाय." आप्पासाहेबांनी तास बघितले, ट्रॅक्टर बंद केला, आणि खाली उतरून ज्वारीची एक ओटी स्वतः भरून दिली.

येळवसेला ज्वारी छातीला लागली होती. अमावस्येच्या त्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं. सिंधूनं पहाटेपासून सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं सगळं केलं होतं. हरिओम आणि वर्षाराणी नांदेडहून आले होते. हरिओम भज्जीचं पातेलं आणि टोपली घेऊन पुढं रानात गेला. अजीजला आवतण होतं आणि तो म्हणे नवीन पाटी रंगवून येणार होता. आंबिलीचं बिंदगं, घागरीसारखं ते भांडं, दरवर्षी शेषेराव डोक्यावर घेऊन जायचे. यंदा कंबरेनं ते जमणार नव्हतं. हे कुणी बोललं नाही. सिंधूनं सरळ माळवदाच्या आडोशाची एक जुनी काठी काढून आणली, बिंदग्याला दोरी बांधली आणि काठीला अडकवली.

"तुमी म्होरं व्हा," ती म्हणाली.

"मी मागं ऱ्हातो."

"म्होरं व्हा म्हणलं ना. वाट तुमाला नीट दिसती."

ते पुढं झाले. काठी दोघांच्या खांद्यावर आली. वर्षाराणी पूजेचं ताट घेऊन बाजूनं चालत होती. पांदीतून निघून रानाच्या धुऱ्याला लागल्यावर पहिले ते सहा वाकडे तास आले. बोरीकडं झुकत गेलेले, पण ज्वारी त्यांतही तेवढीच भरदार होती. त्याच्यापुढं सगळं रान सुतात.

"हे सहा बाटल्याचे," शेषेराव सुनेला म्हणाले. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते हे सांगणार होते. "आता नवी खाच पाडून दांडी दोनच बोटं सरकवलेली हाय. म्होरल्या साली मधात येती."

सिंधूनं मागून उजवा हात वर केला आणि दोरी काठीवरून आपल्याकडं ओढली. चार बोटं. बिंदगं जरासं हिंदकळलं. शेषेराव चालता चालता थबकले.

"बिंदगं सरकवलंस?"

"न्हाई. मधातच हाय."

"वर्षा, बग गं. तुझी नजर पक्की हाय. मधात हाय का?"

वर्षाराणीनं काठीकडं बघितलं. तिला मोजायला दोरीही लागली नसती. बिंदगं सासूच्या छातीशी आलं होतं, सासूच्या मानेची शीर ताठ झाली होती आणि सासू तिच्याकडं डोळे मोठे करून बघत होती. नांदेडच्या शाळेत ही पोरगी मुलांच्या वहीत अर्ध्या मिलिमीटरची चूक सोडत नसे.

"बरोबर मध्यबिंदूवर आहे, मामा," ती म्हणाली.

शेषेरावांनी मागं वळून बघितलं नाही. हलका झालेला खांदा त्यांनी एकदा चाचपला, "बरं," म्हणाले, आणि वाट दाखवत पुढं चालू लागले.